शेजारच्या सीटवर कोण बसेल?

पत्र

मावशी, मी ४३ वर्षांची. नागपुरात एका पतसंस्थेत नोकरी करते. लग्न केलेलं नाही, घरी आई आणि मी. शाळेपासूनच्या आम्ही तिघी मैत्रिणी. दोन वर्षं भिशी लावून सिंगापूरची सहल ठरवली, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली तिकिटं काढली, व्हिसा हातात आला, हॉटेल लिटल इंडियात घेतलं. आणि आता एकीच्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, दुसरीच्या मुलाच्या ॲडमिशनचे राउंड त्याच आठवड्यात आले. दोघी गळाल्या. विमानाचे पैसे परत मिळत नाहीत. देवळं, बागा, बाजार हे मी एकटीने निभावून नेईन. पण एक अख्खा बुधवार सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओज या पाळण्या-राइडच्या पार्कासाठी ठेवलेला आहे. तिथे सगळे कुटुंब घेऊन येणार. मी आजवर हॉटेलात एकटी जेवलेली नाही. बीपीची एक गोळी चालू आहे. आई म्हणते, "एकटीच कायले जाऊन राह्यली बाई तू? भाच्याले ने नं संगं." भाचा १९ वर्षांचा आहे. तो दिवस रद्द करावा असं वाटतंय. हसू नका, पण मला सारखा एकच प्रश्न पडतो : पाळण्यात माझ्या शेजारच्या सीटवर कोण बसेल?

— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर

तू मला मावशी म्हटलंस, म्हणून मी अगं-तुगंच करते. आणि आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. तो तू दबकत, पत्राच्या तळाशी लिहिलास, पण पत्र त्याच्याचसाठी लिहिलंस हे मला कळलं. हसू मुळीच आलं नाही. २०१८ साली त्याच पार्कात त्याच प्रश्नापायी माझा अर्धा दिवस वाया गेला होता.

शेजारी कोण बसेल? अनोळखी माणूस बसेल. ते कसं घडतं हे नीट समजून घे, म्हणजे निम्मी धास्ती इथेच उतरेल.

राइडच्या गाडीत सीटा मोजक्या असतात. माणसं मात्र हिशेबात येत नाहीत. कुठे तिघं, कुठे पाच जण, कुठे आईबाप आणि एकच मूल. त्यांना एकत्र बसवलं की कुठेतरी एक जागा उरतेच. गाडी रिकाम्या सीटा घेऊन फिरत राहिली तर मागची रांग हलत नाही. म्हणून मोठ्या राइडच्या दाराशी तीन वाटा केलेल्या असतात. एक साधी रांग, एक जास्तीचे पैसे भरून घेतलेल्या एक्सप्रेस पासवाल्यांची, आणि तिसरीवर पाटी असते, 'सिंगल रायडर'. या तिसऱ्या वाटेत एकेकटी माणसं उभी असतात. गाडीत जागा उरली की तिथला मुलगा किंवा मुलगी एक बोट वर करते आणि रांगेतलं पुढचं माणूस त्या जागेवर जाऊन बसतं. याचे वेगळे पैसे लागत नाहीत. बहुतेक वेळा ही रांग साध्या रांगेपेक्षा भराभर सरकते. ट्रान्सफॉर्मर्स, ममी आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिका या तिन्ही मोठ्या राइडना ही सोय आहे. गर्दीप्रमाणे ती कधी थोडा वेळ बंद ठेवतात, तेव्हा दारावरच विचारायचं, "सिंगल रायडर?" एवढे दोन शब्द पुरतात. तुझ्या इंग्रजीची काळजी तिथेच मिटली.

बॅटलस्टारबद्दल एक गोष्ट तुला मुद्दाम सांगते. तिथे दोन रोलर कोस्टर एकमेकांना भिडल्यासारखे धावतात. लाल रंगाचा ह्यूमन आणि निळ्या रंगाचा सायलॉन. उंची साधारण ४२ मीटर, म्हणजे आपल्याकडच्या तेरा-चौदा मजली इमारतीएवढी. सुरुवातीला त्याच्या गाड्यांत एका ओळीत चार सीटा होत्या. २०१३ च्या जुलैमध्ये ते बंद केले आणि २०१५ च्या मे महिन्यात पुन्हा सुरू केले, ते एका ओळीत दोनच सीटा असलेल्या नव्या गाड्या लावून. म्हणजे तुझ्या शेजारी नेमकी एकच सीट असेल आणि ती रिकामी राहणार नाही.

आता माझी हकिगत. आम्ही दोघं एका ग्रुपबरोबर गेलो होतो. पार्कच्या दिवशी सकाळी यजमानांना ताप भरला. ते हॉटेलातच थांबले आणि मला म्हणाले, तिकीट काढलंय, तू जा. मी गेले, पण कशी, तर ग्रुपच्या मागेमागे. कोणाला घाई, कोणाला फोटो, कोणाच्या मुलाला बाथरूम. तासाभरात मी त्यांच्यापासून सुटले. आणि मग दुपारी एकपर्यंत मी एकच उद्योग केला, त्यांना शोधण्याचा. एकाही राइडमध्ये बसले नाही. सगळ्या पार्काला दोन चकरा झाल्या. लोकांना वाटत असेल की या बाईचं मूल हरवलंय. शेवटी इजिप्तच्या भागात मोठमोठ्या पुतळ्यांखाली सावलीला बसले, पाणी प्यायले, आणि समोर ती पाटी दिसली. सिंगल रायडर. पाचव्या मिनिटाला ममीच्या गाडीत होते.

शेजारी एक बाई आली, माझ्याच वयाची, डोक्याला रुमाल बांधलेली. इंडोनेशियाची असावी, बोललो काहीच नाही. ती राइड बंद इमारतीत, अंधारात धावते. मध्येच थांबते आणि मग गाडी एकदम उलटी, मागच्या मागे जाते. त्या क्षणी तिने माझं मनगट पकडलं. मी "आई गं" म्हणून ओरडले, ती तिच्या भाषेत ओरडली. बाहेर उजेडात आल्यावर तिने छातीशी हात नेला, मी नमस्कार केला. ती तिच्या मुलांकडे गेली. मी पुन्हा त्याच रांगेत जाऊन उभी राहिले.

म्हणून भाच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नेऊ नकोस. मुलगा चांगलाच असेल, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सोबत म्हणून नेलेलं माणूस हे पाहुणं होतं. त्याला भूक कधी लागली, तो कंटाळला का, त्याला ती राइड पुन्हा करायची आहे का, हे सगळं तू दिवसभर बघत बसशील. आजवर घरी आणि पतसंस्थेत तू तेच करत आली असशील असं तुझ्या पत्रावरून वाटतं. मैत्रिणींच्या अडचणींवर तू लिहिलंस आणि स्वतःला काय हवं यावर एकही ओळ नाही. दोन वर्षांच्या भिशीचे हप्ते तू भरलेस. हा बुधवार तुझा आहे. शिवाय त्याचा व्हिसा, त्याचं विमान, त्याचा खर्च आणि वर आईचं समाधान, हे सगळं एका मुलाच्या खांद्यावर कशाला?

आईशी वाद घालू नकोस. आईची भीती वादाने जात नाही, वेळापत्रकाने जाते. तिला सांग, दोन फोन करीन. एक पार्काच्या दाराशी पोचल्यावर, एक संध्याकाळी बेटावरून निघताना. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. तुझे सकाळचे दहा म्हणजे आईचे साडेसात, तिची पूजा चाललेली असेल. तुझे संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिचे पाच, चहाची वेळ. एका कागदावर हॉटेलचं नाव, पत्ता, फोन लिहून एक प्रत तिच्याजवळ ठेव आणि एक तुझ्या पर्समध्ये. त्याच कागदावर तिथल्या पोलिसांचा ९९९ आणि ॲम्ब्युलन्सचा ९९५ हे नंबर लिही. हे नंबर लागतील म्हणून सांगत नाही. लिहिलेले असले की आईलाही झोप येते आणि तुलाही.

बीपीचं मात्र मी अंगावर घेणार नाही. रोलर कोस्टरच्या दाराशी रक्तदाब, हृदय, मान-पाठ यांचा त्रास असलेल्यांनी बसू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं. जायच्या आधी तुझ्या डॉक्टरांना राइडचं नाव घेऊन विचार. "फिरायला जाऊ का" असं मोघम विचारू नकोस. "अंधारात वेगाने मागे जाणाऱ्या गाडीत बसू का, उलटं लटकवणाऱ्या पाळण्यात बसू का" असं विचार. ते नको म्हणाले तर नको. तरीही दिवस भरेल एवढं तिथे आहे, ते पुढे सांगते.

एकटीने जेवण्याचा सराव मात्र इथेच सुरू कर, अगदी या शनिवारपासून. पहिल्या दिवशी सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर एकटी जा. तिथे सगळेच उभ्याउभ्या खातात, कोणाचं कोणाकडे लक्ष नसतं. पुढच्या शनिवारी धरमपेठेत कुठेही टेबलावर बस, डोसा मागव आणि फोन पर्समध्ये ठेव. फोन बाहेर काढलास की सराव झाला नाही असं समज. तिसऱ्या शनिवारी मेट्रोने एकटी फीर. सीताबर्डीला ऑरेंज लाइनवरून ॲक्वा लाइनवर जाताना पाट्या वाचत जा, कोणालाही विचारू नकोस. सिंगापूरची एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, याहून मोठी आहे, पण रीत तीच. रंग, दिशा आणि शेवटच्या स्टेशनाचं नाव.

तुमचं हॉटेल लिटल इंडियात आहे असं तू लिहिलंस, हे फार बरं झालं. तिथून जांभळी म्हणजे नॉर्थ ईस्ट लाइन थेट हार्बरफ्रंटला जाते. गाडी बदलायची नाही, हार्बरफ्रंट हे त्या बाजूचं शेवटचं स्टेशन, त्यामुळे चुकून पुढे जाण्याची भीती नाही. स्टेशनाला लागूनच व्हिवोसिटी नावाचा मोठा मॉल आहे. त्याच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्सप्रेस ही मोनोरेल सुटते. बेटावर जाताना ४ सिंगापूर डॉलर लागतात, बेटावर फिरताना आणि परत येताना काही लागत नाही. पहिलंच स्टेशन रिसॉर्ट्स वर्ल्ड, तिथे उतरायचं. चालायची आवड असेल तर मॉलच्या बाहेरूनच समुद्रावर बांधलेली पायवाट आहे, दहा-पंधरा मिनिटांत बेटावर पोचतेस. मी म्हणेन, जाताना मोनोरेलने जा, पायांची ताकद दिवसभर लागणार आहे.

सिंगापुरात पोचण्याच्या आधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं एसजी अरायव्हल कार्ड विसरू नकोस. ते सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या, पैसे मागणाऱ्या जागा पुष्कळ आहेत, तिथे फसू नकोस.

कपड्यांबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे आपण नागपूरकर चुकतो. आपल्याला वाटतं, आम्ही मे महिन्यात ४५ अंश सोसतो, तिथले ३१-३२ म्हणजे काय! पण आपलं ऊन कोरडं असतं. म्हणून तर आपल्याकडे कूलर चालतो. वाळ्याच्या ताटीतून पाणी उडतं आणि हवा गार होते. घामही अंगावर तसाच उडतो आणि अंग गार करतो. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर आहे, चारी बाजूंनी समुद्र. हवा आधीच पाण्याने भरलेली, तिथे घाम उडतच नाही, नुसता वाहतो. नागपूरचा कूलर तिथे नेऊन लावलास तर खोली गार होणार नाही, ओली होईल. त्यामुळे तहान लागायच्या आधी पाणी पी, दर तासाला. रिकामी बाटली सोबत ठेव. तिथलं नळाचं पाणी बेलाशक पिण्याजोगं असतं. जीन्स घालू नकोस, भिजली की वाळत नाही आणि मांड्या सोलवटतात. हलका कुर्ता, पातळ पँट, मागे पट्टा असलेल्या सँडल. ओढणी त्या दिवशी हॉटेलवर राहू दे. चष्मा असेल तर मागे दोरी लाव. आणि सीताबर्डीवर मिळतो तो घडीचा प्लास्टिकचा रेनकोट इथूनच घेऊन जा. पार्कातही मिळतो, पण त्याचे पैसे रुपयांत मोजलेस तर तो अंगात घालावासा वाटणार नाही.

पर्स अगदी लहान ने. माणूस एकटं असलं की खरी अडचण ही एकच येते. आपण पाळण्यात असताना पर्स धरायला कोणी नसतं. बॅटलस्टारला फोन, पर्स, सुटे पैसे काहीच आत नेता येत नाही. बाहेर लॉकर आहेत, ठरावीक वेळ फुकट असतात आणि त्यापुढे पैसे लागतात. लॉकरचा नंबर हातावर पेनाने लिहून ठेव.

आता बुधवार. सकाळी लिटल इंडियात पोटभर खाऊन निघ. सेरांगून रोडवर १९४७ पासून चालू असलेलं कोमला विलास आहे, शाकाहारी, इडली-डोसा-सांबार. आत पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, आणि शाकाहारी माणसाला तिथे निवड कमी. न्याहारी जड असली की दुपारचं टेन्शन राहत नाही. दुपारी खायचं ते एकतर साडेअकराला किंवा अडीचनंतर. मधल्या वेळात ट्रे हातात घेऊन जागा शोधत फिरावं लागतं. एकट्या माणसाला सगळ्यात अवघडल्यासारखं होतं ते तिथेच. वेळ टाळलीस की कोपऱ्यातलं टेबल तुझं.

बुधवार निवडलात हे उत्तम. तिथल्या शाळांची जूनची सुट्टी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत संपलेली असते. पार्क साधारण दहाला उघडतं, पण वेळ रोज सारखी नसते, आदल्या रात्री त्यांच्या ॲपवर बघ. कुठली राइड दुरुस्तीला आहे तेही तिथेच कळतं. अर्धा तास आधी पोच. दाराबाहेर तो फिरणारा मोठा गोल आहे, तिथे सगळे फोटो काढतात. तुझा फोटो कोण काढेल ही काळजी असेलच. तिथे एखादं कुटुंब बघ, ज्यात बाबा फोटो काढताहेत आणि म्हणून फोटोत नाहीत. त्यांना म्हण, मी तुमचा सगळ्यांचा काढून देते. त्यानंतर तुझा फोटो ते दहा वेळा काढून देतील. मला याचा अनुभव आहे.

पार्क एका तळ्याभोवती गोल वसवलेलं आहे, २० हेक्टरच्या आसपास, त्यामुळे हरवायला होत नाही. आत शिरलीस की डोक्यावर छप्पर असलेला हॉलिवूडचा रस्ता लागतो. तिथल्या दुकानांत रमू नकोस, ती संध्याकाळीही तिथेच असतात. उजवीकडे वळ, न्यूयॉर्क नावाच्या भागातून सरळ सायफाय सिटीत जा, बॅटलस्टार तिथेच आहे. उघड्यावरच्या राइड आधी करायच्या. याचं कारण वीज. सिंगापुरात दुपारी गडगडाट होऊन पाऊस येणं नेहमीचंच, आणि जुलैच्या सुमारास कधी पहाटे किंवा सकाळीच सुमात्राकडून वाऱ्यापावसाची एक भिंतच्या भिंत सरकत येते. विजा जवळ आल्या की उघड्यावरच्या सगळ्या राइड बंद करतात, मग रांगेत दीड तास उभं राहिलेलं फुकट जातं. पाऊस आला की छपराखालचं करायचं. ममी, ट्रान्सफॉर्मर्स, आणि न्यूयॉर्कच्या भागातला स्टीव्हन स्पीलबर्गचा तो प्रयोग, ज्यात बंद खोलीत वादळ उभं करून दाखवतात.

डॉक्टरांनी हो म्हटलं असेल आणि आभाळ मोकळं असेल, तर उघड्यावरचं आधी हा नियम थोडा बाजूला ठेव आणि भीतीला पायऱ्या पाड. आधी ट्रान्सफॉर्मर्स, त्यात गाडी हलते आणि बाकीचं पडद्यावर घडतं. डोळे मिटले की निम्मं थांबतं. मग ममी. मग लाल ह्यूमन, त्यात पाय फळीवर टेकलेले असतात. निळा सायलॉन शेवटी, त्यात पाय अधांतरी लोंबतात आणि गाडी उलटीपालटी होते. तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून निळ्यात बसू नकोस. मी बसले नाही, आणि त्याची मला आजही हळहळ नाही.

आणि डॉक्टर नको म्हणाले तर? वॉटरवर्ल्डचा प्रयोग बघ. पाण्यावरच्या बोटी, उड्या, आगीचे लोळ, चढत्या पायऱ्यांवर बसून बघायचं. पुढच्या बाकांवर बसलीस तर भिजशील, मधल्या बाकांवर बस. प्रयोगाच्या वेळा ठरलेल्या असतात, वीस मिनिटं आधी जा. मी गेले तेव्हा जिथे मादागास्करचा भाग होता, तिथे २०२५ च्या फेब्रुवारीपासून मिनियन लँड आहे, लहान मुलांची जत्राच. श्रेकच्या सिनेमावरच्या 'फार फार अवे' भागातला किल्ला आहे. एकटं माणूस जे करू शकतं आणि कुटुंबाला जे करता येत नाही ते कर : एका जागी अर्धा तास बसून बघ. छताखालच्या खांबांवर रंगवलेलं दगडकाम, खोट्या इमारतींच्या खऱ्या खिडक्या, हात हलवून हलवून थकलेला वेशातला कलाकार पाठमोरा होऊन आत जातो तो क्षण. यजमानांना त्या रात्री मी हेच सांगत होते, राइडबद्दल कमीच बोलले.

ज्युरासिक पार्कच्या भागातला गोल तराफा दुपार उतरल्यावर कर. त्यात अनोळखी माणसं एकमेकांकडे तोंड करून बसतात, शेवटी तराफा वर उचलला जातो आणि धाडकन खाली सोडतात. कोण जास्त भिजणार हे कोणालाच ठाऊक नसतं. गेल्या वेळी आमच्या तराफ्यात सगळ्यात कोरडी राहिले ती रेनकोटवाली मी, आणि सगळे मिळून माझ्याकडे बोट दाखवून हसत होते. त्यात मीही होते.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवणार नाही. एकटेपणा येतो. रांगेत येत नाही, पाळण्यातही येत नाही. राइड संपून बाहेर पडल्यावर येतो. तिथे सगळे एकमेकांकडे वळतात आणि "बघितलंस का तू?" म्हणतात. आणि तू वळतेस तर कोणी नसतं. दिवसभरात हे पाच-सहा वेळा होईल, चारच्या सुमारास जास्त, कारण तेव्हा पायही दुखत असतात. मी तेव्हा यजमानांना फोन लावला आणि त्यांचा ताप ऐकून उगाच अपराधी झाले. तू तसं करू नकोस. बाहेर आल्यावर फोनमध्ये अर्ध्या मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड कर, मराठीत, जसं तोंडाला येईल तसं. त्या दोघींना लगेच पाठवू नकोस. एक ऑपरेशनच्या खोलीबाहेर असेल, दुसरी ॲडमिशनच्या रांगेत. नागपूरला परत आल्यावर तिघी बसा आणि एकदम ऐका. ही सहल त्यांचीही होती. त्या हौसेने गळाल्या नाहीत.

आणि तेवढ्यानेही मन भरून आलं तर पार्कातून बाहेर पड. शेवटपर्यंत थांबलंच पाहिजे असं कोणी सांगितलेलं नाही. मी पाचला निघाले. त्याच मोनोरेलने बीच स्टेशनला गेले, तिथून चालत पलावान बीचला. तिथे दोरखंडांचा झुलता पूल आहे, तो एका चिमुकल्या बेटावर नेतो. त्या टोकावर पाटी आहे, आशिया खंडाच्या भूमीचं सगळ्यात दक्षिणेकडचं टोक. समोर समुद्रात जहाजंच जहाजं नांगर टाकून उभी. आपण झिरो माइलची माणसं, चारी दिशांना समुद्र सगळीकडून लांब. मी तिथे ओल्या सँडल काढून बसले. या बेटाचं जुनं मलय नाव पुलाऊ ब्लाकांग माती. आपल्या कानाला माती ऐकू येते, त्यांच्या भाषेत माती म्हणजे मरण. इंग्रजांच्या तोफा आणि बराकी होत्या इथे. पुढे नाव बदलून सेंटोसा ठेवलं, म्हणजे शांतता, आणि १९७२ साली पर्यटनासाठी महामंडळ स्थापन झालं. हे मला तिथल्याच एका फलकावरून कळलं, आणि ते वाचायला मला कोणी "चला, चला" म्हणून ओढलं नाही.

तिथे सूर्य वर्षभर सातच्या आसपास मावळतो. तो बघ, आईला फोन कर, आणि मोनोरेल मध्यरात्रीपर्यंत असली तरी आठपर्यंत निघ. हार्बरफ्रंटला जांभळी लाइन, लिटल इंडिया, गरम भात-सांबार, झोप.

मैत्रिणींची पार्काची दोन तिकिटं तशीच पडली असतील. तारीख बदलून मिळते का ते ज्यांच्याकडून काढली त्यांना आजच विचार. नाही म्हणाले तर सोडून दे. ती पर्समध्ये घेऊन फिरू नकोस.

आल्यावर मला पुन्हा लिही. राइडचं वर्णन थोडक्यात चालेल. लाल गाडीत तुझ्या शेजारी कोण होतं, ते मात्र सविस्तर लिही.

— तुझी मावशी